जुन्या रस्त्यावरचं वड्याचं हॉटेल

इंग्लंडला निघालो त्या सकाळी बाबांनी टॅक्सीवाल्याला बजावलं, "नव्या रस्त्याने घ्या, लवकर पोचाल." जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, खोपोलीजवळ आमचं वड्याचं हॉटेल होतं. एक्स्प्रेसवे झाला आणि गाड्या परस्पर जाऊ लागल्या. ज्या रस्त्याने धंदा बुडवला, त्याच रस्त्याने बाबांनी मला विमानतळावर धाडलं. मला मात्र तेव्हा बॅगेच्या वजनाची काळजी.

नॉटिंगहॅमला सॉफ्टवेअरच्या नोकरीत मी रुळलो. वडील काय करतात, असं कुणी विचारलं की 'हॉस्पिटॅलिटी' म्हणून मोकळा व्हायचो. रविवारी फोनवर बाबा म्हणायचे, "गिऱ्हाईक नाही रे." मी म्हणायचो, "मग बंद करा, आराम करा." बोलायला माझं काय जात होतं!

मग मला आणि बायकोला, अनघाला, अमेरिकेतल्या रूट सिक्स्टी-सिक्स या जुन्या, मागे पडलेल्या हायवेचं वेड लागलं. इथे निम्म्या ऑफिसला ते आहेच. बारा महिने ढगांखाली राहणाऱ्यांना तो सरळसोट, उन्हातला रस्ता खुणावतो. आम्ही उघड्या टपाची गाडी भाड्याने घेतली. गंजलेले पेट्रोलपंप, ओस पडलेली मोटेल्स, रंग उडालेल्या पाट्या. दिसेल तिथे उतरून फोटो. "किती ऑथेंटिक आहे ना रे सगळं!" अनघा म्हणायची, आणि मी मान डोलवायचो.

न्यू मेक्सिकोत रस्त्याकडेला एका म्हातारीचं डायनर होतं, म्हणजे खाण्याचं छोटं हॉटेल. मोठा हायवे बाजूने गेला, त्या पहिल्या दिवशी काय झालं, हे मी तिला खोदून खोदून विचारलं. कॉफी करून दुपारपर्यंत वाट पाहिली, मग ओतून दिली, असं ती म्हणाली. माझे डोळे भरून आले. बाहेर आल्यावर अनघाने विचारलं, "तुझ्या बाबांनी काय केलं होतं रे त्या दिवशी?"

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो आणि नंतरही कधी विचारलं नव्हतं. शरमेने तिच्याकडे बघवेना.

परत आल्यावर फोनवर विचारलं. बाबा म्हणाले, "काय होणार? रोजच्याएवढे वडे तळले. संध्याकाळी तुझी आई गाईला घालून आली." मग म्हणाले, "आज कसं आठवलं?"

"सहजच," मी म्हणालो. अमेरिकेतल्या परक्या बाईला आधी विचारून आलो, हे कोणत्या तोंडाने सांगू?

गेल्या हिवाळ्यात बाबांनी हॉटेल बंद केलं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना ठाऊक असेल, अशी बातमी इथे डेस्कवर बसून ऐकताना कसं होतं ते. त्या डायनरचा फोटो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. आमच्या हॉटेलचा माझ्याकडे एकही नाही.

परवा ऑफिसात पहिल्यांदाच खरं सांगितलं, वडिलांचं जुन्या हायवेवर वड्याचं हॉटेल आहे. सगळे हरखले. इंडियाला गेलो की तिथे थांबणारच, म्हणाले. ते बंद झालंय, हे माझ्याने सांगवलं नाही. घर म्हटलं की मला अजून तेच हॉटेल दिसतं, आणि गिऱ्हाईक येईना झालं तेव्हा मीही फिरकलो नाही, ही लाज घेऊनच मी आता घरी जातो.