चार किलोंची बॅटरी

मिस्त्री बॅटरी आधी हाताने जोखत आणि मग मीटरने. मीटर गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असतो, असं त्यांचं मत होतं. बॅटरी छातीपर्यंत उचलायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि ‘हिच्यात अजून दम आहे’ किंवा ‘हिला आता निरोप द्या’ असा निकाल सांगायचा. चाळीस वर्षांत हा निकाल किती वेळा चुकला याची नोंद कुणी ठेवली नव्हती, त्यामुळे तो कधी चुकला नव्हता. या न्यायदानात त्यांची कंबर मात्र कामातून गेली होती. वाकताना ते ‘आई गं’ म्हणत. उठताना काहीच म्हणत नसत, कारण तोवर श्वास उरलेला नसे.

दर रविवारी सकाळी दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून दातांच्या डॉक्टरबाईंच्या गॅरेजकडे निघत. तिथे एक ठेंगणी, दोन सीटांची, भलत्याच ताकदीची गाडी होती. ती चार महिने उन्हात पळे आणि आठ महिने चादरीखाली झोपे. झोपलेल्या गाडीची बॅटरी उतरते. म्हणून मिस्त्रींनी जायचं, चार्जर लावायचा, शेजारच्या स्टुलावर दीड तास बसायचं, चाकांतली हवा बघायची आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ, जे आठवड्याला तीन मिनिटं मागे पडे, ते बरोबर करायचं. अठरा वर्षं हाच क्रम. गॅरेजची एक चावी त्यांच्या जुडग्यात होती आणि घराच्या चावीआधी तीच हाताला लागे. चालत्या गाडीत ते एकदाही बसले नव्हते, बसावं असं त्यांना वाटलंही नव्हतं. पाळणाघरातली बाई मुलांबरोबर शाळेत थोडीच जाते?

त्यांची बायको त्या गाडीला ‘माझी सवत’ म्हणे. “जा, वाट बघत असेल,” ती दर रविवारी म्हणे. “आणि येताना दूध आणा. तिला विचारून.”

त्या वर्षी गाडी झाकायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी नवी बॅटरी आणली. जुनी शिशाची, एकवीस किलोंची होती; ही लिथियमची, चार. गाडी हलकी झाली की वळणावर चपळ होते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांचे यजमान, अंगाने ऐसपैस गृहस्थ, चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात उभे होते.

“सतरा किलोंसाठी एवढा खटाटोप?” ते म्हणाले. “मला सांगायचंस. मी घरी राहिलो असतो.”

“तुम्ही घरी राहिलात तर शंभर वाचतील,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण मग रस्ता चुकल्यावर बोलू कुणाला?”

मिस्त्रींनी नेहमीसारखी तयारी केली. पाय फाकवले, श्वास भरला, ‘आई गं’ म्हटलं आणि हिसका दिला. बॅटरी इतकी झटकन वर आली की तेच दोन पावलं मागे गेले.

“रिकामी आहे,” त्यांनी निकाल दिला.

“भरलेली आहे.”

मिस्त्रींनी ती पुन्हा जोखली. हातांना काहीच कळेना. ज्योतिष्यासमोर कोऱ्या तळव्याचा माणूस येऊन बसावा, तशी त्यांची गत झाली.

“हिची एक वायर काढून ठेवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बस. आठ महिने बघायचं नाही. ही आपणहून फारशी उतरत नाही. आणि तुमचा चार्जर हिला चालत नाही, हिचा वेगळा आलाय, तो मी घरात ठेवते. सुटलात तुम्ही मिस्त्री.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले. बॅटरी बसवून एक वायर मोकळी ठेवली. डॉक्टरबाईंनी चावी परत मागितली नाही. विसरल्या असतील किंवा बरं दिसत नाही म्हणून असेल. मिस्त्रींनी त्याची चौकशी केली नाही.

पुढच्या रविवारी ते गेलेच. हवा बघायला. हवा बघून पाच मिनिटांत झाली. उरलेला वेळ ते स्टुलावर बसून काळ्या पडलेल्या घड्याळाकडे बघत राहिले. असे तीन रविवार त्यांनी काढले. चौथ्या रविवारी त्यांनी वायर जोडली. बॅटरीला थोडंफार काम द्यावं, नाहीतर ती आळसाने मरते, हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर बॅटऱ्यांना आणि स्वतःला सारखंच लावलं होतं. घड्याळ उजळलं. त्यांनी वेळ लावली आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घातली.

बॅटरी उतरेल याची धास्ती होतीच, म्हणून दर रविवारी ते मीटर लावत. आकडा जिथल्या तिथे. शिशाच्या बॅटरीचा आकडा दर आठवड्याला थोडा थोडा खाली येतो, म्हाताऱ्या माणसासारखा, घरच्यांना सवय व्हावी म्हणून. हिचा आकडा हलेचना. घड्याळ आणि गाडीला हात लागताच वाजणारी चोरघंटा दिवसरात्र तिच्यातून पीत होते आणि ती तोंडावरची रेषही न हलवता उभी होती. ‘गुणाची आहे,’ असं मिस्त्रींनी घरी येऊन सांगितलंसुद्धा.

वायर जोडल्यानंतरच्या पाचव्या रविवारी घड्याळ पुन्हा काळं. मीटरवर शून्य. कमी नव्हे, शून्य. मिस्त्रींनी घाईघाईने आपला जुना चार्जर लावला. समोर बॅटरीच नाही असं ठरवून तो लाल दिवा दाखवून गप्प बसला. मग त्यांनी बॅटरी काढून उचलली, डोळे मिटले. चार किलो. मेलेली असो की जिवंत, चार किलो.

बॅटरीबरोबर आलेली पुस्तिका गॅरेजच्या फळीवर पडली होती. ती त्यांनी घरी आणली आणि बायकोचा चष्मा लावून, जन्मात पहिल्यांदा, बॅटरीविषयी काही वाचलं. फार उतरली की ही बॅटरी स्वतःला वाचवण्यासाठी आतून बंद होते, असं त्यात लिहिलं होतं. सोबतच्या चार्जरवरचं बटण दाबून धरलं तर पुन्हा सुरू होते. मात्र फार दिवस तशीच राहिली तर होईलच असं नाही.

“मग चार्जर मागा,” बायको म्हणाली.

“कशाला हवा ते सांगावं लागेल.”

“मग सांगा.”

“मग चावी जाईल.”

“अहो, गाडी तिची, बॅटरी तिची, गॅरेज तिचं. तुमचं काय आहे त्यात?”

मिस्त्रींनी खरोखर विचार केला. “दहा ते साडेअकरा,” ते म्हणाले.

दोन दिवस त्यांनी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन नंबर लावला. समोर उभं राहून बोलण्यापेक्षा नंबर लावणं सोपं वाटलं. पण आत बोलावलं ते थेट खुर्चीतच, आणि खुर्ची मागे झुकली.

“काय दुखतंय?”

“काही नाही. ती बॅटरी...”

“आ करा आधी.”

मिस्त्रींनी आ केला आणि तसंच सांगून टाकलं. तोंडात आरसा असल्यामुळे कबुलीतली सगळी व्यंजनं गळून गेली. डॉक्टरबाईंनी आरसा बाहेर काढला.

“घड्याळ म्हणालात?”

“बंद होतं. म्हणून वायर जोडली.”

“मी काढून ठेवा म्हटलं होतं.”

“हो.”

“चादरीखालच्या गाडीतलं घड्याळ बघणार कोण होतं?”

“मी.”

डॉक्टरबाईंनी मास्क खाली केला. “माझे काही पेशंट दिवसातून पाच वेळा दात घासतात, मिस्त्री. काळजी म्हणून. सगळ्यात आधी त्यांचेच झिजतात.” मग त्या म्हणाल्या, “वरची दाढ किडलीय. त्याचं नंतर बघू. संध्याकाळी गॅरेजला या.”

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी नव्या चार्जरचं बटण दाबून धरलं. मिस्त्री मनात आकडे मोजत होते. दहा झाले, पंधरा झाले. यजमान काहीतरी विनोद करणार होते, पण मिस्त्रींचा चेहरा बघून त्यांनी तो गिळला. एकवीसला हिरवा दिवा लुकलुकला.

“वाचली,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला.

चावी जुडग्यातून निघेना. अठरा वर्षांत कडं घट्ट बसलं होतं. मिस्त्रींचं नख तुटलं. शेवटी यजमानांनी घरातून चमचा आणला आणि त्याच्या टोकाने कडं फाकवलं.

“रागावून नाही घेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“ठाऊक आहे,” मिस्त्री म्हणाले. “रागावून घेतली असती तर कधीतरी परत दिली असतीत.”

नंतरचे रविवार त्यांनी घरीच काढले. दहाच्या सुमाराला ते उगाच या खोलीतून त्या खोलीत जात. बायकोने दोन्ही पंखे पुसून घेतले, मग पुन्हा पुसून घेतले. पुस्तिका परत द्यायची राहून गेली होती, ती त्यांनी इतक्या वेळा वाचली की मधली पानं सुटली.

उन्हाचे दिवस लागले. एका रविवारी ऊन स्वच्छ पण हवा गारठलेली होती. साडेनवाला फोन वाजला.

“मिस्त्री, मेली हो ही!” डॉक्टरबाई. मागून यजमानांचा आवाज आला, “मी उतरू का?”

“किल्ली फिरवल्यावर काय करते?” मिस्त्रींनी विचारलं.

“कण्हते नुसती.”

“मग मेली नाही. गारठलीय. आता किल्ली फिरवू नका. पुढचे दिवे लावा.”

“बॅटरी उठत नाहीये आणि दिवे लावू?”

“लावा. शिशाच्या बॅटरीला असं केलं असतं तर उस्तादांचा मारच बसला असता. ही कामाला लागली की आतून गरम होते. पान नऊ. दोन मिनिटं थांबा.”

दोन मिनिटं मिस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळावर मोजली. “फिरवा,” मिस्त्री म्हणाले.

गाडी उठली. डॉक्टरबाई काहीतरी ओरडल्या, ते ऐकू आलं नाही, आणि फोन बंद न करताच त्यांनी तो कुठेतरी टाकला. मिस्त्री कानाला लावून बसले. गाडी मागे आली, वळली, रस्त्याला लागली. पहिला गिअर त्यांच्या ओळखीचा होता. दुसरा त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता. तिसऱ्याला बारीक घरघर आली. मग फोन तुटला.

“कोण होतं?” बायकोने विचारलं.

“डॉक्टरबाई. तिसऱ्या गिअरला आवाज येतोय. सांगायला हवं.”

“म्हणजे परत चावी मागणार?”

“छे. फोनवर सांगेन.”

संध्याकाळी त्यांनी फोन केला. ‘येऊन बघा’ असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. “दाखवून घेते,” म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी दहाला दाढ भरायला दवाखान्यात यायला सांगितलं. रविवारी दवाखाना बंद असतो, हे मिस्त्रींना फोन ठेवल्यावर आठवलं. त्यांनी शर्ट इस्त्रीला टाकला.