पेज गार होईपर्यंत

मी भुतंखेतं मानणारा माणूस नाही, आणि आता मानायला लागलोय असंही नाही. शाळा मराठी चौथीपर्यंत. लिहिण्यात चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट वर्षभर छातीत अडकून राहिलीय, आणि माझ्या छातीत आधीच जागा कमी...

माझं गाव घाटावर, कोल्हापूरकडे. वडील गेले तसा शाळा सोडून रत्नागिरीला बाळाशेट सोनारांच्या हाताखाली आलो. त्यांनी धंदा शिकवला, काकूंनी पोटच्यासारखं जेवू घातलं. गावी आई माझ्याच भरवशावर. शेटांचे पुढचे दात पडल्यापासून बाकनळ मीच फुंकायचो. बाकनळ म्हणजे पितळेची वाकडी नळी — तिच्यातून दिव्याच्या ज्योतीवर एकसारखा वारा मारायचा, म्हणजे ज्योतीचं टोक वाकून बरोबर सांध्यावर पडतं आणि सोनं जुळतं. मध्येच दम तुटला की सांधा कच्चा.

एका थंडीत इन्फ्लुएंझाची साथ आली ती माझ्या छातीतच उतरली. शेटांनी इस्पितळात नेलं. काकू रोज पेज घेऊन यायच्या. शेजारच्या खाटेवर पूर्णगडचा एक म्हातारा तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या, होता, त्यालाही तेच दुखणं. मला धाप लागली की म्हणायचा,

"घाटावर पेज नाय गावत काय रे? मग फुंकायला कुठून येणार तुला. नाकाने घे. आता ओठांचा चंबू कर न् हळू सोड... गरम पेज फुंकतात तशी. घाई नको, पेज कुठं पळत नाय."

स्वतः फुंकून दाखवायचा. फू... आणि शेवटी त्याच्या ओठांतून बारीक शीळ निघायची. त्या शिळेवर मी कित्येक वेळा तग धरून राहिलो.

ताप गेला, घरी आलो. दम मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून आखडलीत, वेळ लागेल. किती, ते नाही सांगितलं. बंदरावरून चढून येताना वाटेत बसावं लागे. बाकनळ तोंडाला लावली की ज्योत फडफडायची आणि दागिना बिघडायचा. शेट रागावले नाहीत, तेच जास्त लागायचं. श्रावण लागल्यावर एकदा म्हणाले, "चिपळूणहून भाच्याला बोलावतोय. नारळी पौर्णिमेनंतर येईल. तुझं... बघू."

त्या 'बघू'ने माझी झोप गेली. गावी जाऊन आईला काय सांगणार?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी. मंगळागौरीसाठी एका नव्या नवरीची तुटलेली नथ जुळवायची होती. मोती काढून ठेवले. वाऱ्याने दिवा हलू नये म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. मी फुंकू लागलो. सोनं लाल होत आलं... आणि छाती कुलूप घातल्यासारखी बंद. खोकला आला. मी नळी तोंडातून काढली. संपलं, म्हटलं.

ज्योत सरळ झाली नाही.

तशीच वाकलेली, टोक सांध्यावर. आणि माझ्या डाव्या कानाशी — फू... शेवटी बारीक शीळ.

सांधा चकाकला, तेव्हाच ज्योत सरळ झाली. शेट ज्योतीकडे बघत राहिले.

"नळी कधी काढलीस तू?"

"मघाशीच."

एवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "अहो, पेज कोण फुंकतंय तिकडे? अजून वाढली कुठं मी?"

शेटांनी नथ भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिली. संध्याकाळी म्हणाले, "भाच्याला नको म्हणून कळवतो. असला सांधा त्याच्या बापालाही जमायचा नाही." हे मी केलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. "माहीत आहे," म्हणाले. मोठ्या कामाला त्यांनी पायाचा भाता आणला, बारीक काम माझ्याकडे ठेवलं.

तांडेल देवाघरी गेला असणार, अशी माझी समजूत. तर भाद्रपदात तो दुकानाच्या पायरीवर बसलेला! इस्पितळात छाती दाखवायला आला होता. पायरी चढून दमला होता.

"सून हसते रे मला," म्हणाला. "नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी पेज फुंकायला घेतली, न् थांबताच येईना. पेज गार झाली, वर साय धरली, तरी मी फुंकतोच. वारा जात कुठं होता, देव जाणे. मग घेरी येऊन पडलो."

मी त्याला सगळं सांगितलं. बराच वेळ तो बाकनळ हातात फिरवत बसला.

"माझी पेज गार झाली ती झाली," तो म्हणाला. "नथ जुळली ना?"

"जुळली."

"मग झालं तर."

डॉक्टरांना विचारलं, ते हसले. शेट हा विषय काढू देत नाहीत. मलाही उलगडा झालेला नाही. दम अजून तेवढाच आहे, चढावर अजून बसतो. फक्त सकाळी काकू पेज वाढतात, ती गार झाली तरी मी थोडा वेळ फुंकतच राहतो. कुठे कुणाला फुंक लागली तर...