आमच्या मोरीचं नाव साकव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या रस्त्याच्या मैलकुलींचे. आईवडिलांची गोष्ट वेगळी. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो या काकांमुळे, हे मला लिहून ठेवायचं आहे.

मैलकुली म्हणजे बांधकाम खात्याचा रस्त्यावरचा माणूस. ठरावीक लांबीचा रस्ता त्याच्याकडे असतो. गटार मोकळं ठेवायचं, खड्डा बुजवायचा, दरड आली की माती ओढायची. काकांकडे सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, फाट्यापासून आमच्या वाडीपर्यंतचा उतार होता. ते म्हणत, "डांबर दिसायला. रस्ता जगतो तो गटारावर." पुढे महाविद्यालयात चार वर्षं मी हेच जाड पुस्तकांतून शिकलो.

उतार संपतो तिथे पऱ्या, म्हणजे ओढा, आडवा येतो आणि त्याच्या पलीकडे वाडी. पऱ्यावर एके काळी माडाच्या खोडांचा साकव होता. तो काढून काकांच्या टोळीने सिमेंटचे नळ टाकले, वर भराव केला आणि एसटी वाडीत यायला लागली. खात्याच्या भाषेत ती मोरी. पण वाडीत तिला कुणीच मोरी म्हणत नाही, कारण मोरी म्हटलं की न्हाणीतली आठवते. आम्ही साकवच म्हणत राहिलो.

बारावीनंतर अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मूळ कागदपत्रं घेऊन मला सकाळी दहाला रत्नागिरीत हजर व्हायचं होतं. जुलै महिना होता. पऱ्या साकवावरून वाहत होता आणि एसटी पलीकडे उताराच्या तोंडाशी थांबलेली. वडील बोटीवर नोकरीला, घरी आई आणि मी. आई म्हणाली, "नको जाऊस. शिक्षण काय पळून जातंय?" काका पहार घेऊन तिथेच उभे होते.

"कागद कुठं हायत, बाला?"

"पिशवीत."

"पिशवी डोक्यावर घे. मी पाय ठेवीन तितंच ठेवायचा. पान्याकडं बगू नको, माज्या टाचेकडं बग."

ते पहारेने पुढची जागा चाचपत, मग पाऊल टाकत. गुडघ्याच्या वर पाणी होतं. पलीकडे पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर हसत म्हणाला, "काय वो, वरात आणलीत काय?"

"विंजिनेर आणलाय," काका म्हणाले. "हळू ने."

तेव्हा प्रवेशही झाला नव्हता. पण तो शब्द मला पुरला. रत्नागिरीत मांडवीला एका खोलीत चौघं राहून मी शिकलो, परीक्षा दिली आणि आज ज्या खात्यात काका मजूर होते त्याच खात्यात मी कनिष्ठ अभियंता आहे.

नोकरीत आल्यावर एक गोष्ट कळली. रस्ता सुधारण्याचा निधी आणि रस्ता राखण्याचा निधी ही दोन वेगळी माणसं असावीत तसे वागतात. पहिला येतो तेव्हा फलक लागतो, नारळ फुटतो. दुसरा कधी आला आणि कुठे मुरला ते कळत नाही. काका निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कुणी आलं नाही. तरीही दर मे महिन्यात ते स्वतःचं फावडं घेऊन गटार काढत राहिले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या उताराचं नाव दर्जोन्नतीच्या यादीत आलं आणि अंदाजपत्रक माझ्याकडे आलं. मोजमापाला गेलो तेव्हा टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं. साकवाशी आल्यावर त्यांनी मला खाली उतरवून नळ दाखवले. एक नळ फुटून भराव आतून पोखरला होता. "हे आदी कर," ते म्हणाले, "मग काय डांबर फासायचं ते फास."

त्यांना असा घोर असण्याला कारण होतं. काकींची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यावं लागतं. एसटी वाडीत येते म्हणून ते जमत होतं.

मी सगळं लिहिलं. रुंदीकरण, खडीकरण, गटार आणि शेवटी "साकव दुरुस्ती". ज्या शब्दाने मी बोलायला शिकलो तोच कागदावर उतरला, आणि उतरताना मला खटकलाही नाही. सरकारी कागदात मात्र साकव म्हणजे पायी जाणाऱ्यांसाठीचा छोटा पूल. त्याचा निधी निराळा, यादी निराळी. छाननीत ती ओळ कापली गेली आणि समोर शेरा आला, "स्वतंत्र प्रस्ताव सादर करावा". दुरुस्त केलेलं अंदाजपत्रक सहीला आलं तेव्हा मी रस्त्याची लांबी पाहिली, एकूण रक्कम पाहिली आणि सही केली. तो शेरा मी वाचला नाही.

या मे महिन्यात डांबरीकरण झालं. डांबर साकवाच्या अलीकडे थांबलं आणि पलीकडे पुन्हा सुरू झालं. काकांनी फोन केला, "बाला, मदला तुकडा राह्यला." मी फाइल काढली आणि शेरा दिसला. फोनवर एवढंच म्हणालो, "बघतो, काका."

पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात साकवाची एक बाजू खचली. खचलेल्या साकवाजवळ जड गाडी नको म्हणून एसटी आता सड्यावरच्या फाट्याशीच थांबते. मी पाहणीला गेलो तो नेमका शुक्रवार होता. काकी नव्या गुळगुळीत रस्त्यावरून चढ चढत होत्या. दहा पावलं चालायच्या आणि कठड्यावर बसायच्या. काका छत्री धरून शेजारी उभे.

संध्याकाळी वाडीच्या दुकानात चारजण बसले होते. मला बघून एकजण म्हणाला, "आले सायब! रस्ता झ्याक केलात वो. मदी उडी मारायची तेवडी शिकवा आता."

दुसरा म्हणाला, "आपला मानूस खात्यात आसून ही गत."

रत्नागिरीहून परतलेले काका मागून आले होते. ते त्या दोघांवर तडकले. "गप रवा मेल्यांनो! पोरानं लिवलं हुतं. माज्या डोळ्यांदेखत लिवलं. वरच्यांनी खोडलं त्याला तो काय करनार?"

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, साहेबांना वाईट वाटलं. मी एक शब्दही बोललो नाही. मांडवीला परतल्यावर तीन-चार दिवस कचेरीत कागद करण्यात गेले. फोनवर काका "बरं बरं" करून विषय संपवतील हे ठाऊक होतं, म्हणून पत्र लिहिलं. काका चौथीपर्यंत शिकले आहेत आणि सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचतात. ते पत्र असं:

ती. काका,

साष्टांग नमस्कार. हे पत्र काकींनाही वाचून दाखवा.

तुम्ही दुकानात माझी बाजू घेतलीत. ती चुकीची होती. साकव वरच्यांनी खोडला हे खरं, पण त्यांना खोडावाच लागेल अशा शब्दात मीच लिहिलं होतं. मोरी लिहायचं तिथे मी आपल्या वाडीचा शब्द लिहिला. साकवाचा निधी वेगळा असतो हे मला माहीत होतं. कागद परत आला तेव्हाही चूक दिसली असती, पण मी न वाचता सही केली. त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा राहून मी गप्प बसलो, ती दुसरी चूक. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर खरं तेच सांगा.

माझी चूक मी साहेबांना लेखी कळवली आहे. नवा प्रस्ताव काल दिला. त्यात मोरी लिहिलं आहे आणि नकाशाही जोडला आहे. निधी आला तरी काम पाऊस संपल्यावरच होईल. मंजूर होईलच असं मी खोटं सांगत नाही.

तोवर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता रिक्षा साकवाच्या उताराकडच्या तोंडाशी येईल. मी ठरवली आहे, नको म्हणू नका. काकींना साकव तेवढा चालून यावा लागेल. खचलेल्या बाजूला रविवारी मी वाळूच्या गोण्या लावायला येतो आहे. कुठे पाय ठेवायचा ते तुम्ही दाखवा. मी टाचेकडे बघेन.

तुमचा,
बाला