न लागलेल्या नोकरीचा मुहूर्त

माझ्या मुलीच्या अमेरिकेतल्या नोकरीचा मुहूर्त आम्ही अकोल्यात काढला, तेव्हा तिला नोकरी लागलेली नव्हती.

तसा मी अंधश्रद्ध माणूस नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. पण माझा साळा सुधाकर अमरावतीला राहतो आणि पंचांग बघतो, आणि ज्या घराला असा साळा असतो त्या घरात गणिताचं फारसं चालत नाही. नात्यातली लग्नं, दोन बोअर, एक ट्रॅक्टर आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळ्याचे मुहूर्त त्यानेच काढले आहेत. (बोअरला पाणी लागलं नाही. पण त्याच्या मते मुहूर्त चांगला होता, जमीन वाईट होती.)

स्नेहलचं एम.एस. मे महिन्यात संपणार होतं. एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर आम्हाला नीट समजावून सांगितलं. शिक्षण झालं की तिथे वर्षभर नोकरी करायची परवानगी मिळते. ती कोणत्या दिवसापासून हवी, हे अर्जात आपणच लिहायचं. पदवीनंतरच्या साठ दिवसांतला कुठलाही दिवस चालतो.

"पण त्या दिवसापासून मोजणं सुरू होते, बाबा. बिनानोकरीचे फक्त नव्वद दिवस भेटतात. नव्वद संपले की सामान बांधून वापस."

"मंग तू कोणता दिवस टाकून राहिली?"

"शेवटचा, जुलैतला. तोवर नोकरी शोधाले टाइम भेटते."

चौथीतल्या पोरालाही पटेल इतकं सरळ होतं. मी "बरोबर" म्हणालोसुद्धा! पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौ., म्हणजे मंदा, म्हणाल्या, "सुधाकरले विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत सुधाकर पंचांगासकट आमच्या जठारपेठेतल्या घरी हजर. (असल्या गोष्टी तो फोनवर सांगत नाही. फोनवर चहा मिळत नाही.) त्याने चष्मा लावला, पानं उलटली आणि मान हलवली.

"भाऊजी, पदवी झाल्यावरचा पयला महिना तं अधिक महिना आहे. त्यात नवं काम धरतच नाहीत."

"ती जुलै म्हणते."

"जुलै काहून? जूनमंदी गुरुपुष्य आहे! लोक त्या दिवशी सोनं घेतात, अन् तुमी पोरीले जुलैपर्यंत रिकामी बसवता?"

'रिकामी' हा शब्द मंदाला लागला. तिने लगेच स्नेहलला फोन लावला.

"मामा, नोकरीच नाही तं मुहूर्त कशाचा?" स्नेहल म्हणाली.

"बेटा, मुहूर्त धरला की नोकरी मांगून येते. मले फक्त एक सांग, तुमच्या तिथं गुरुवार कवा लागते?"

मग पुष्य नक्षत्र अकोल्याचं धरायचं की अमेरिकेचं, यावर दीड तास चर्चा झाली. मी वही आणली, दोन्हीकडच्या वेळांचा तक्ता केला आणि दोन्ही देशांत एकाच वेळी गुरुवार आणि पुष्य असणारे तास शोधून काढले. सुधाकर खूश. "अर्जात वेळ कुठं लिहाची?" त्याने विचारलं. अर्जात वेळ लिहायची सोयच नव्हती! त्या अख्ख्या प्रकरणात मी केलेलं गणित एवढंच. त्या गुरुवारपासून नव्वद दिवस कुठे संपतात, ते मोजायचं मला सुचलं नाही.

शेवटी स्नेहल म्हणाली, "बाबा, तुमी सांगा. तुमाले काय वाटते?"

चोवीस वर्षांची पोर, परक्या देशात एकटी. तिला माझ्याकडून फक्त 'तुले पटते ते कर' एवढंच ऐकायचं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणालो, "मामा म्हणतात तं टाकून दे. तीनचार हप्त्यांनं काय फरक पडते?"

"सव्वीस दिवस, बाबा," ती म्हणाली. आणि तिने गुरुपुष्य टाकला.

परवानगी वेळेवर आली आणि गुरुपुष्याच्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले! समोरच्या गावंडेंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "कंपनी कोणती?"

"कंपनी ठरून राहिली," मी म्हणालो.

"म्हणजे नोकरी लागली, पण कुठं लागली ते ठराचं आहे?"

मी त्यांना आणखी एक पेढा दिला.

जुलै गेला. मंदा गुरुपुष्यापासून रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारायची. इकडे सुधाकर अमरावतीहून उपाय पाठवत होता. मुलाखतीला पूर्वेकडे तोंड करून बसायचं, हा त्यातला एक. स्नेहलने मामाचा शब्द मोडायचा नाही म्हणून खुर्ची फिरवली. त्यामुळे कंपनीच्या तीन साहेबांना पाऊण तास तिच्या मागे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल दिसत राहिले. ती नोकरी लागली नाही. (सुधाकर म्हणाला, दिशा बरोबर होती, टॉवेल चुकीच्या जागी होते.) मी गावंडेंना टाळण्यासाठी दूध आणायला मागच्या गल्लीने जाऊ लागलो. तर तेही मागच्या गल्लीने येऊ लागले!

आणि ऐंशी फुल्या झाल्यावर नोकरी लागली. चांगली कंपनी, तिच्याच विषयाची. मंदाने देवाला साखर ठेवली. मी चप्पल घालून गावंडेंकडे निघालोच होतो, तेवढ्यात फोनवर स्नेहल हळूच म्हणाली, "बाबा, थांबा. जॉइनिंगची तारीख पाहा."

नव्वद दिवस मंगळवारी संपत होते. कंपनी म्हणत होती, त्यानंतरच्या सोमवारी या. त्याआधी घ्यायला ती तयार नव्हती. म्हणजे पाच दिवस कमी पडत होते. पोरीची जुलैची तारीख राहू दिली असती, तर हे पाच जाऊन एकवीस उरले असते. तीस वर्षं वजाबाकी शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या लेकीच्या सव्वीस दिवसांची वजाबाकी करून ठेवली होती.

दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. सुधाकरचा फोन आला. आवाज एवढासा. "भाऊजी, मी स्वतः बोलू का त्या कंपनीसंग? चूक माही आहे, पोरीची नाही."

मी स्नेहलला फोन केला. इकडचं तिकडचं काहीच बोललो नाही. "बाई, चुकलो मी. तुले समजत होतं, अन् मी तुलेच शिकवाले गेलो."

"बाबा, फॉर्म तं मीच भरला ना," ती म्हणाली. मंदाने फोन घेतला, आणि पोर जेवली का तेवढं विचारलं.

चार दिवसांनी पोळा होता. सुधाकर आमच्याकडेच जेवायला होता, म्हणजे ताटासमोर मान खाली घालून बसला होता. संध्याकाळी फोन वाजला. तिकडे सकाळ. स्नेहल रस्त्यावरून धावतच बोलत होती.

"बाबा! आमच्या कॉलेजातल्या मॅडम मले लॅबमंदी घेऊन राहिल्या. पगार नाही, पण आपल्या विषयाचं काम अन् हप्त्याले वीस तास असले, की ते दिवस रिकामे मोजत नाहीत! मी कॉलेजच्या ऑफिसात विचारून घेतलं. सोमवारपर्यंत निभते!"

"कवापासून?"

"कवापासून म्हणजे? आतापासून! चालली मी!"

सुधाकरने सवयीने मान वर केली. "आज? आज अमावस्या आहे! पोळा आहे! आज तं बैलालेही कोणी जुंपत नाही..."

"सुधाकर," मंदा म्हणाली, "तू पोळी खा."

त्याने मुकाट्याने पोळी खाल्ली. मग आणखी तीन खाल्ल्या. चार दिवसांचा उपाशी होता बिचारा.

स्नेहल ठरल्या सोमवारी कंपनीत रुजू झाली. आता ती सुखात आहे आणि कोणताही अर्ज भरून झाल्यावरच आम्हाला कळवते.

मात्र गावंडेंमुळे माझं नाव भलतंच झालं. परवा मूर्तिजापूरहून एक गृहस्थ पत्ता विचारत घरी आले. त्यांचा मुलगा तिकडे शिकतो, तारीख भरायची वेळ आली आहे. माझ्यापुढे कोरी वही ठेवून ते म्हणाले, "सर, तुमच्या पोरीचं अगदी टायमावर जमलं म्हणतात. कोणत्या दिवशी काम धरलं होतं तिनं?"

मी वही मिटून त्यांच्या हातात परत दिली.

"ज्या दिवशी तिनं मले विचारलं नाही, त्या दिवशी."