प्रल्हादची गाडी सिग्नलला बंद पडते

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग डोंगरातल्या एका वर्कशॉपला होती. उंची बारा हजार फूट. मी हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. नाईक प्रल्हाद माझ्या हाताखाली व्हेईकल इलेक्ट्रिशियन. दोघेही हैदराबादचे, दोघांची घरं मूळची नांदेडकडची. आमच्या मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ यायचंच. साताऱ्याची पोरं हसायची. आम्ही हसू द्यायचो.

०६०० ला फर्स्ट परेड. सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो, ही माणसांची परेड नव्हे, गाडीची. स्टार्टर मारण्याआधी तेल, पाणी, पट्टा, टायर, बॅटरी तपासायची, आणि नुसती बघून नाही, हात लावून. प्रल्हादचा हात प्रत्येक गाडीत आधी एकाच जागी जायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर जिथे बोल्टने बॉडीला बसते तिथे. त्याला अर्थिंग म्हणतात.

“गेलेला करंट इथूनच परत येतो, ग्रॅज्युएटसाब. जायची वाट सगळे बघतात. परत यायची कोण बघतो?”

ग्रॅज्युएटसाब म्हणजे मी. आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेज टपालाने केलं, पण केलं. बी.ए.चा अभ्यास वर्कशॉपच्या जनरेटरवर झाला आणि जनरेटर प्रल्हादच्या ताब्यात होता. पेपर जवळ आले की तो जनरेटर ‘टेस्टिंग’ म्हणून अर्धा तास जास्त चालायचा. डिग्री आज भिंतीवर आहे. कोणी विचारलं तर त्या अर्ध्या तासासकट सांगतो.

त्या दिवशी १३१० ला रेडिओवर कॉल आला. खालच्या वळणावर ॲम्ब्युलन्स बंद पडली होती. आत दोन पेशंट, वर सुट्या दगडांचा उतार. ड्यूटी माझी होती. मला एकशेदोन ताप होता. उठून बूट घालत होतो, तर प्रल्हादने माझी टूल-बॅग उचलली.

“झोप गुमान. वायरीचं काम दिसतंय. तुला काय कळणार त्यातलं?”

१३३८ ला त्याचा आवाज आला. “फॉल्ट मिला. अर्थिंग ढीली. ओव्हर.”

“कितना टाइम? ओव्हर.”

“हो गया. गाडी निकल रही है. ओव्हर.”

१३४५ ला ॲम्ब्युलन्स वर पोचली. प्रल्हाद टूल्स गोळा करायला मागे राहिला होता. सरकारी पाना रस्त्यात टाकून येणारा माणूस नव्हता तो. १३४७ ला तो दगडांचा उतार सुटून त्याच्यावर आला. त्याला काढायला आम्हाला चार तास लागले. दोन्ही पेशंट वाचले.

याला अकरा वर्षं झाली. मी पेन्शनवर काचीगुड्यात राहतो. सुमनवहिनी, प्रल्हादची बायको, विद्यानगरला. ड्यूटी कुणाची होती, हे मी त्यांना तेराव्यालाच सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “ताप होता ना तुम्हाला.” त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

प्रल्हादने सुट्टीवर असताना एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. तीच वहिनी चालवतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा, आरतीचा, फोन आला.

“काका, गाडी परत सिग्नलला बंद. टेम्परेचर फुल्ल. मागे सगळे हॉर्न मारायलेत. परवा आरटीओत फिटनेस टेस्ट आहे.”

“मेकॅनिक काय म्हणतो?”

“थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर बदलला, फॅन बदलला. आता म्हणतो, अम्मा, इंजिनच बदलो. मम्मीने प्रॉमिस केलंय, परवा फेल झाली तर स्क्रॅपला देणार. मी तर देवाला म्हणतेय, होऊ दे फेल. कुठेतरी बसच्या खाली येईल ती. पण पप्पांची गाडी आहे ना... तुम्ही एकदा बघा.”

सकाळी ०९०० ला विद्यानगरला पोचलो. वहिनी फाटकातच उभ्या होत्या.

“आलात भाऊजी? दर दिवाळीला येता, चहा पिता, गाडीला लांबूनच वळसा घालून जाता. आज बोनेट उघडणार म्हणे.”

खरं होतं. मला त्या बोनेटखाली त्याचं काम दिसलं असतं. म्हणून उघडलं नव्हतं.

“उघडतो,” म्हणालो.

अधूनमधून येणारा फॉल्ट सगळ्यात वाईट. बघायला गेलं की तो झोपतो. त्याच्यासोबत बसावं लागतं. युनिव्हर्सिटीच्या आतल्या रस्त्यावर सावली असते, तिथे मी गाडी सावकाश फिरवत राहिलो. वहिनी शेजारी, वही त्यांच्या मांडीवर. मी सांगायचो, त्या लिहायच्या. ०९२० स्टार्ट. ०९४१ काटा मध्ये, फॅन चालू. १००२ काटा वर, फॅन बंद. १००९ इंजिन गप्प.

धक्का नाही, खोकला नाही. नुसतं गप्प. गाडी आपल्याच वेगात घरंगळत एका झाडाखाली थांबली. बोनेट उघडलं तर रेडिएटरच्या टोपीकडून पांढरी वाफ निघत होती. काही करायचं नव्हतं. इंजिन निवायची वाट बघायची होती.

आम्ही काचा खाली करून बसलो. पुढच्या डांबरावर ऊन हलत होतं. वाफ काचेवरून सरकत होती आणि तिच्यापलीकडचा रस्ता मला वर चढताना दिसायला लागला. झाडं गेली. कडेला बर्फाची भिंत आली. कोणीतरी कानटोपी घालून गाड्यांमधून चालत होतं, प्रत्येक बोनेटखाली हात घालत होतं आणि पुढे जात होतं. घाई नव्हती त्याला. मी झोपलो नव्हतो. वहिनींच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता, कोकीळही ओरडत होती. तरी तो आमच्या गाडीपाशी येईल म्हणून मी हलत नव्हतो.

“भाऊजी, किती वेळ झाला लिहू?”

घड्याळ पाहिलं. चौदा मिनिटं.

गाडी एका स्टार्टरमध्ये चालू झाली, जणू काही झालंच नव्हतं. परत निघालो, या वेळी स्टीअरिंगवर वहिनी. झाडी दाट होती म्हणून वहिनींनी सहज हात पुढे करून हेडलाइट लावले. टेम्परेचरचा काटा टुणकन वर उडाला.

“बंद करा.”

काटा खाली.

“लावा.”

वर.

“हे काय हो?”

“पाणी एका सेकंदात तापत नाही, वहिनी. काटा खोटं बोलतोय. गाडी तापते हे खरं, पण ते फॅन थांबतो म्हणून. फॅन थांबतो, पेट्रोलचा पंप थांबतो, काटा उडतो. तिघांचं एकच दुखणं आहे.”

घरासमोर गाडी लावून मीटर काढला. इंजिन चालू, लाइट चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बॉडीला. पाव व्होल्टच्या आत यायला हवं. अडीच दाखवत होता. करंटची परतीची वाट अडली होती. गार असताना कसाबसा जायचा, गरम झाला की सांधा सुटायचा.

इंजिन बंद करून अर्थिंगच्या बोल्टवर हात ठेवला. वर जाड लाल-पिवळा थर होता. पाना लावला, थर फुटला. खाली हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड. मी पॉलिश पेपरने घासायला लागलो. कागद लाल झाला.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या कागदाकडे बघत राहिल्या.

“हे कुंकू आहे ना?”

मी घासत राहिलो.

“भाऊजी, मी विचारतेय.”

“हौ, वहिनी. कुंकू, हळद. आणि नारळाचं पाणी. त्यात क्षार असतात. लोखंड खातं ते.”

“दसऱ्याला ते इथेच लावायचे. मी म्हणायचे, अहो सगळे बोनेटवर लावतात. तर म्हणायचे, बोनेट दिखाव्याचं, गाडी इथे आहे.” त्यांनी कप पायरीवर ठेवला. “मग मी दसऱ्यालाच नाही, दर अमावास्येला लावलं. अकरा वर्षं. म्हणजे मीच की.”

मी पाना खाली ठेवला.

“तो दसऱ्याला लावायचा,” मी म्हणालो, “आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बोल्ट काढून घासून परत बसवायचा. वर व्हॅसलीन. आमच्या सगळ्या गाड्यांना तेच करायचा. तुम्हाला अर्धंच दिसलं. उरलेलं मला माहीत होतं.”

वहिनी कपाशेजारी पायरीवर बसल्या.

“ते असते तर काय म्हणाले असते?”

“शिव्या घातल्या असत्या.”

“मला?”

“मला. एक बोल्ट बघायला अकरा वर्षं लावलीस म्हणून.”

त्या हसल्या. डोळे पुसायला पदर उचलला, तर तोही कागदाला लागून लाल झाला. “चहा घ्या,” म्हणाल्या, “गार झाला तरी घ्या.”

बोल्ट उजळला, वायरचं टोक उजळलं, नवा वॉशर घातला, वर व्हॅसलीन. मीटरवर शून्य पूर्णांक शून्य आठ. युनिव्हर्सिटीच्या आत पुन्हा दीड तास फिरवली. आरती ऑफिसमधून दर वीस मिनिटांनी फोन करत होती. “पडली का बंद?” “नाही.” “शुअर?” “तुझ्या बापाचं वायरिंग आहे, शुअर.”

दुसऱ्या दिवशी फिटनेसच्या लाइनीत आमच्या पुढे सतरा गाड्या. ऊन डोक्यावर. मी इंजिन बंद करू दिलं नाही. बंद पडायची असेल तर इथेच पडू दे, पण फसवून पास व्हायचं नव्हतं. वहिनी स्टीअरिंगवर, मी शेजारी, आरती रजा टाकून मागे. पन्नास मिनिटं आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत होतो. काटा मध्याच्या थोडा वर जायचा, फॅन घुर्रकन सुरू व्हायचा, काटा उतरायचा. आरती आधी मोबाइल बघत होती. मग पुढच्या दोन सीटच्या मध्ये हनुवटी टेकवून फॅन मोजायला लागली. सहाव्यांदा फॅन लागला तेव्हा हळूच म्हणाली, “मम्मी, नको देऊ स्क्रॅपला.”

इन्स्पेक्टरने लाइट बघितले, ब्रेक बघितला, बोनेट उघडून वाकला. “बहुत पुरानी है अम्मा. कौन मेंटेन करता?”

वहिनींनी बोनेट हळूच लावलं. त्याने सही केली.

कागदासाठी आम्ही खिडकीबाहेर थांबलो. कागदावर वरच्या ओळीत वहिनींचं नाव होतं, खालच्या ओळीत पतीचं. क्लार्कला गर्दीत वरचं नाव काही वाचता आलं नसावं. तो खालच्या ओळीतलं ओरडला.

“प्रल्हाद! प्रल्हाद कौन है? आओ!”

मी मागे वळून पाहिलं. वहिनींनीही पाहिलं.