योलांडाला शिकवलेलं वाक्य

ताई, मी घर सोडलं त्या सकाळी तू अकोल्याला सासरी होतीस. त्या सकाळचं तुला जे कळलं ते आईकडून, आणि आईने काय सांगितलं तेही मला ठाऊक आहे: बाबा बाथरूममध्ये घसरले आणि त्यांचा दात पडला. अकरा वर्षं मीही ते तसंच राहू दिलं. पण गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "प्रशांत, तिकडे तू कोणाला मारलंस म्हणे?" मला फोनवर सांगता आलं नाही. म्हणून लिहायला बसलोय, आणि सुरुवात त्या सकाळपासूनच करावी लागेल.

टॅक्सी साडेनऊला येणार होती. नागपूरच्या आपल्या घरी हॉलमध्ये दोन बॅगा उभ्या होत्या आणि बाबा हातकाट्याला अडकवून एकेक तोलत होते. मोठी बॅग पंचवीस किलो भरली. दोन किलो जास्त. त्यांनी चेन उघडली, तर कपड्यांच्या तळाशी आईने लपवलेल्या कुरडया आणि मुगवड्यांच्या पुड्या निघाल्या. बाबा वळले आणि आईच्या कानाखाली अशी वाजवली की ती भिंतीवर आदळली. कानातलं लोंबलं, पाळी फाटली, मानेवरून रक्त ब्लाउजच्या गळ्यापर्यंत आलं. आई म्हणाली, "राहू द्या ना आता, जाऊन राहिला तो." तर त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला.

तो काही पहिला मार नव्हता, हे तुला सांगायला नको. पण मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि पहिल्यांदाच मी मध्ये पडलो. नुसता मध्ये पडलो नाही. मूठ आवळून त्यांच्या तोंडावर मारली. बाबा मटकन खाली बसले. ओठातून रक्त आलं, आणि त्यांनी तळहातावर दात काढून पाहिला, लहान मूल पाहतं तसा. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता.

आईने टॉवेल ओला केला. मला वाटलं ती आधी स्वतःची मान पुसेल. ती बाबांच्या समोर बसली, त्यांचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बापावर हात टाकला तू? काहून रे? जा आता. टॅक्सी उभी आहे."

मी बॅगा उचलल्या. पाया न पडता निघालो. विमानात ट्रे पुढे ओढला तेव्हा उजव्या हाताच्या मधल्या बोटावर बाबांच्या दाताची जखम दिसली. टोरांटोला उतरेपर्यंत ती सुजली होती.

पुढची वर्षं तुला माहीत आहेत. मिसिसागाला बेसमेंटमध्ये राहिलो, मग कॉन्डो घेतला, मुग्धाशी लग्न झालं, रेवा झाली. हिवाळ्यात गाडीला वेगळे टायर लावणं, फावड्याने बर्फ उपसणं, सगळं अंगवळणी पडलं. दर रविवारी घरी फोन करायचो, आई बोलायची, बाबा यायचे नाहीत. मी कोणावरही कधी आवाज चढवला नाही. ऑफिसात मला फार शांत माणूस समजतात. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी शनिवारी सकाळी कम्युनिटी सेंटरमध्ये नव्याने आलेल्यांना इंग्रजी बोलायला शिकवायला लागलो. व्हॉलंटियर म्हणून. माझ्या टेबलावर सहा जण, सगळे स्पॅनिश बोलणारे. त्यांची एकच अडचण सारखी पुढे यायची. स्पॅनिशमध्ये तोमार म्हणजे घेणे. बसही तोमार करतात आणि कॉफीही. त्यामुळे इंग्रजीतला टेक दिसला की ते बिनधास्त घ्यायला निघायचे, आणि टेक दर वेळी दुसरंच काहीतरी करायचा. टेक ऑफ म्हणजे विमान उडालं, पण बूट टेक ऑफ म्हणजे काढले. टेक आफ्टर म्हणजे कोणावर तरी जाणं, वळणावर जाणं. एर्नेस्तो नावाचे सत्तरीचे गृहस्थ ऐटीत म्हणाले, "आय टेक आफ्टर माय वाइफ," आणि सगळं टेबल हसलं. मला मनात आपलं घेणे आठवायचं. मनावर घेऊ नको, जुळवून घे, सांभाळून घे. आईचं निम्मं बोलणं या घे वर संपायचं.

त्या टेबलावर योलांडा बसायची. कोलंबियाची, पस्तिशीची, एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलात खोल्या साफ करायची. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. ज्या दिवशी मी टेक आउट शिकवलं, कचरा बाहेर टाकणं आणि कोणाला बाहेर जेवायला नेणं, त्या दिवशी तिने वहीत लिहायचं थांबवलं. क्लास सुटल्यावर ती मागे राहिली.

"टीचर," ती म्हणाली, "ही टुक मी आउट. इज डिनर?"

मी म्हटलं, हो, म्हणजे त्याने तुला बाहेर जेवायला नेलं.

तिने खुर्चीत बसून बूट आणि मोजा काढला. डाव्या पायाची दोन बोटं टोकाला काळपट होती. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. गेल्या जानेवारीत तिच्या नवऱ्याने, हेक्टरने, तिला केसांना धरून मागच्या दाराने फरपटत नेलं, अनवाणी बर्फात ढकललं आणि आतून कडी लावली. शेजारच्या बाईने पोलिसांना बोलावलं. पोलीस आला तेव्हा हेक्टरने तिला आत घेऊन ब्लँकेट पांघरवलं होतं. पोलिसाने विचारलं, काय झालं? तिला जेवढं येत होतं तेवढं तिने सांगितलं: ही टुक मी आउट. पोलीस म्हणाला, कुठल्या रेस्टॉरंटमध्ये? भांडण तिथेच सुरू झालं का? हेक्टरचं इंग्रजी चांगलं. तो हसून म्हणाला, हो, हो, जेवायला गेलो होतो, थोडी जास्त झाली. पोलीस निघून गेला. त्यानंतर हेक्टरने तिला इतकं मारलं की तीन दिवस कामावर जाता आलं नाही.

ताई, मी ऐकत होतो आणि टेबलाखाली माझी मूठ वळली होती.

मी तिला सेंटरच्या ऑफिसातल्या बाईंकडे नेलं, त्यांनी तिला मारहाण झालेल्या बायकांच्या निवाऱ्याचा नंबर दिला. ती लगेच गेली नाही. दर शनिवारी मी विचारायचो आणि ती म्हणायची, "टीचर, टेक इट ईझी." पण वाक्यं मात्र ती घोकायची. मी तिला वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिली होती. ही ड्रॅग्ड मी आउट. ही लॉक्ड मी आउट. टेक मी समव्हेअर सेफ. आणि सगळ्यात खाली: टेक युअर हँड्स ऑफ मी. हे मी तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्यायचो. सुरुवातीला तिचा आवाजच फुटत नसे.

मार्चमधला शनिवार. दुपारचे बारा वाजले होते, क्लास नुकताच सुटला होता, पार्किंग लॉटमध्ये अजून बर्फाचे ढीग होते. मी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतो. हेक्टर त्याच्या पिकअप ट्रकपाशी उभा होता. योलांडा बाहेर आली तशी त्याने तिचं मनगट पिरगाळलं आणि पाठीवरची बॅग ओढली. बंद तुटला, वही चिखलात पडली. त्याने शेवटचं पान वाचलं असावं, आदल्या दिवशीच, कारण तो स्पॅनिशमध्ये ओरडत होता आणि मधेच इंग्रजीत, "हँड्स ऑफ? हँड्स ऑफ?" प्रत्येक वेळी एक थोबाडीत.

मी धावलो. त्याने पहिला ठोसा मला मारला. भुवई फुटली, एका डोळ्यापुढे लाल झालं. मी दोन ठोसे परत दिले. दुसऱ्याला त्याचा पाय बर्फावरून सटकला आणि तो पडला. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. तिथे थांबायला हवं होतं. तो पडला होता, हात चेहऱ्यावर घेत होता. मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. नाक मोडल्याचा आवाज आला, तो मी ऐकला, आणि तरी मारलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. फार वर्षांनी इतकं बरं वाटत होतं.

मग कोणीतरी माझं जॅकेट मागून खेचलं आणि कानाशी ओरडलं, "टेक युअर हँड्स ऑफ हिम!"

योलांडा होती. ओठातून रक्त येत होतं. एकही चूक नाही, उच्चार स्वच्छ, मी च्या जागी हिम सुद्धा बरोबर घातलेलं. मी हात काढले. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी ओळखत होतो. ती आईची होती, बाबांकडे बघतानाची.

पोलीस आले. योलांडाने या वेळी बाह्या वर केल्या आणि सगळं सांगितलं. "ही टुक मी आउट. नो, नॉट डिनर. ही ड्रॅग्ड मी. माय हेअर." जानेवारीपासूनचं एकेक. मग पोलिसाने माझ्याबद्दल विचारलं. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "टीचर हेल्प मी. बट आफ्टर ही फॉल डाउन, टीचर हिट, हिट, हिट." खरं होतं. हातकड्या आम्हा दोघांनाही पडल्या.

माझ्यावर मारहाणीची केस झाली. वकिलाने बरीच खटपट केली. शेवटी बारा आठवड्यांचा रागावरचा कोर्स आणि वर्षभर नीट वागण्याची लेखी हमी, एवढ्यावर मिटलं. हेक्टर आत गेला. सेंटरने मला परत शिकवायला येऊ नका म्हणून कळवलं.

मारामारीच्या दिवशी घरी आलो तेव्हा भुवईला पाच टाके होते आणि उजव्या हाताला बँडेज. रेवाने विचारलं, "डिड यू विन, बाबा?" त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना मुग्धा रेवाचं ताट स्वतःच्या बाजूला मांडायची. मुद्दाम नसेल. एकदा तिने भांडी घासता घासता विचारलं, "ती ओरडली नसती तर तू थांबला असतास?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मग ते माहीत करून घे," ती म्हणाली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

कोर्सच्या सहाव्या आठवड्यानंतर मी घरी फोन लावला. वार बुधवार होता, नेहमीचा नव्हे, आई देवळात गेलेली. बाबांनी उचलला. अकरा वर्षांनी त्यांचा आवाज. मी म्हटलं, "बाबा, मी प्रशांत. मी तुम्हाला मारायला नको होतं."

मागे पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "अन् मग काय करायचं होतं तू? मी तुझ्या आईले…" आणि वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, "बर्फ आहे का अजून तिकडे?" मी म्हटलं, कधीच वितळलं. त्यांनी फोन ठेवला. ताई, मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांनी मला केलं का, ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून ते फोनवर येतात.

योलांडा आता इथून जवळच्या मिल्टन शहरात आहे. जून महिन्यात तिचा मेसेज आला. "टीचर, आय टुक अ बेसमेंट. करेक्ट?" आभार नव्हते, आणि ते नसणंच मला योग्य वाटलं. मी लिहिलं, "करेक्ट."

तू विचारतेस, आता घर कुठलं समजतोस, तिकडचं की इकडचं. परवाची गोष्ट सांगतो. रेवा सिंकवरून काचेचा मोठा बाऊल उचलून नेत होती, तो हातातून सुटला. किचनभर काच. मी दारात उभा होतो. आपण लहान असताना काही फुटलं की आपण दोघं आधी फुटलेल्या वस्तूकडे बघत नसू, बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचो. मी श्वास रोखून रेवाकडे बघत होतो, ती कुठे बघते ते. तिने आधी स्वतःच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं, मग काचेकडे, मग वाकून एक मोठा तुकडा उचलायला गेली.

"बाबा, डोन्ट कम इन," ती म्हणाली, "यू डोन्ट हॅव शूज ऑन."

मी दारातच थांबलो, ती झाडू घेऊन येईपर्यंत.