समजलं म्हणू नको

राठोड सरांसमोर 'समजलं' म्हणायची सोय नव्हती. टपरीवरचा चहावाला "समजलं सर, साखर कमी," म्हणाला की हे लगेच म्हणायचे, "समजलं म्हणू नको, आणून दाखव." चहा हमखास गोड यायचा आणि सर माझ्याकडे विजयी नजरेने बघायचे.

हिंगोलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते जमीन मोजायला, चढउतार काढायला शिकवायचे. माझं टेबल त्यांच्या शेजारी. 'आउटकम'चं वारं आलं तेव्हा आम्ही सगळेच वैतागलो होतो. विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते आधी लिहायचं आणि शेवटी तेच मोजायचं. मी सगळीकडे 'समजून घेईल' असं ठोकून दिलं. सरांनी कागद वाचला. "काहून हो, पोरगं समजून घेऊन राहिलं, हे तुमाला दिसंल कुठं? कपाळावर?" झालं! संध्याकाळपर्यंत मी क्रियापदं बदलत बसलो.

विद्यार्थ्यांच्या फीडबॅकवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पाव्हण्याला जेवण कसं झालं इचारलं, तर छानच म्हणंल. ताट बघा, ताट!" सरांच्या मिसेस, आमच्या काकू, हसून सांगायच्या, "मला बघायला आले तवा स्वयंपाक येतो का, हे इचारलंच न्हाई. म्हणे, चुलीपाशी बसू का?"

साखरा गावची आमची विद्यार्थिनी पल्लवी कामाला वाघ, पण तोंडी परीक्षेत मुकी. एकदा नापास झाली होती. आता पुन्हा राहिली तर घरचे शिक्षण बंद करणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "लेव्हल यंत्राचं वर्णन करा." पोरीचे ओठ हलले, आवाज फुटेना. त्यांनी पुन्हा विचारलं. तिचे डोळे भरले आणि परीक्षकांचं पेन शून्याकडे निघालं.

"थांबा साहेब," सर म्हणाले. "आउटकममधी लिहिलंय, 'यंत्र वापरून उंचीतला फरक काढेल.' तुमी वर्णन मागून राहिले. पोहायची परीक्षा आन निबंध लिहायला लावता?"

परीक्षक तापले. "बरं, मग करू दे!"

पल्लवीने तिपाई उचलून अंगणात रोवली, यंत्राचा बुडबुडा मधोमध आणला आणि एक शब्द न बोलता अंगण आणि प्राचार्यांच्या खोलीबाहेरचा व्हरांडा यांच्यातला फरक काढून दिला. अंगणच उंच निघालं! दर पावसाळ्यात प्राचार्यांच्या दारात तळं का साचतं, ते त्या दिवशी उघड झालं. परीक्षकांना हसू आवरेना. हसतहसतच त्यांनी गुण दिले.

यंदा सर निवृत्त झाले. निरोप समारंभात जो तो उठून "सरांनी आम्हाला घडवलं" म्हणत होता. व्यासपीठावर सरांची खुर्ची एका पायाने लंगडी होती आणि भाषणागणिक ते डुगडुगत होते. पल्लवी आता कळमनुरीकडच्या रस्त्याच्या कामावर इंजिनिअर आहे. ती धुळीच्या बुटांनी थेट साइटवरून आली. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. पुन्हा तेच! ओठ हलले, आवाज नाही. अख्खं सभागृह अवघडलं. सरांनीही मान खाली घातली.

तिने माइक ठेवला. खुणेनेच सरांना उठवलं. पिशवीतून गवंड्याकडे असते ती छोटी लेव्हलपट्टी काढून खुर्चीवर ठेवली, कार्यक्रमपत्रिकेची घडी आखूड पायाखाली सरकवली. बुडबुडा मधोमध येईपर्यंत घडी घालत राहिली. मग सरांना बसा म्हणून हात केला.

सर बसले. खुर्ची हलली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

"समजलं, लेकरा," ते म्हणाले. "समजलं."